दोषी सापडला, कारण सापडले का?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि तिथल्या सतरा बाळांपैकी दहा बाळे दगावली. त्यानंतर दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि किमान अकरा रुग्णांचा बळी गेला. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात, म्हणजे सगळे ज्याला डफरीन म्हणतात तिथे, नवजात बाळांच्या कक्षातल्या व्हेंटिलेटरमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली. बाळांना धुरातून उचलून घाईघाईने दुसऱ्या रुग्णालयांत हलवावे लागले. तिन्ही रुग्णालये तेव्हा एकाच राज्याच्या एकाच सार्वजनिक आरोग्य विभागाची होती, आणि तिन्ही ठिकाणी आग लागली ती जागेवरून हलू न शकणाऱ्या रुग्णांच्या कक्षात. हे सगळे घडले वीस महिन्यांत. भंडाऱ्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले होते, समित्या नेमल्या गेल्या होत्या, अहवाल आले होते. तरीही भंडाऱ्याने जे शिकवले ते नगरला वेळेवर पोचले नाही आणि अमरावतीला पुरते पोचले नाही. असे का होते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

दुर्घटनेनंतर काय होते ते आता सर्वांना पाठ झाले आहे. मंत्री भेट देतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती बसते आणि काही दिवसांत निलंबनाची यादी निघते. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले आणि कंत्राटी परिचारिकांना कामावरून काढले गेले. नगरला निलंबने झाली आणि अटकाही झाल्या. मे २०१७ मध्ये अमरावतीतल्या एका रुग्णालयात चार नवजात बाळे पाठोपाठ गेली, तेव्हाही गुन्हा आधी नोंदला गेला. नांदेडला ऑक्टोबर २०२३ मध्ये चोवीस तासांत बारा नवजातांसह चोवीस मृत्यू झाल्यावर एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतले. संताप समजण्यासारखा होता, आणि कुणाचा खरोखर हलगर्जीपणा असेल तर शिक्षाही व्हायला हवी. पण आपली सगळी यंत्रणा एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की थांबते: चूक कुणाची? ती चूक घडणे सोपे का झाले आणि शेजारच्या जिल्ह्यात ती आज रात्री घडू शकते का, हे विचारायला कुणी नेमलेलेच नसते. दोषी शोधणे आणि कारण शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच समितीकडे दिली की दुसरे काम होतच नाही.

कारण सरळ आहे. ज्या चौकशीतून नोकरी जाऊ शकते, तिच्यासमोर माणूस स्वतःला वाचवण्यापुरतेच बोलतो. रात्रपाळीत किती बाळांमागे किती सिस्टर होत्या, कोणता वॉर्मर आधीपासून ठिणग्या टाकत होता, तक्रारवहीत ते लिहिले होते का, लिहिल्यावर पुढे काय झाले, ही माहिती सगळ्यात जास्त असते ती खालच्या पायरीवर. आणि शिक्षेची भीतीही तिथेच जास्त असते. एक साधे उदाहरण घ्या. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेतून दिले तर हृदय थांबू शकते. त्याची कुपी मात्र दिसायला इतर निरुपद्रवी औषधांच्या कुपीसारखीच असते. पहाटे तीन वाजता, अंधूक उजेडात, एकाच ट्रेमध्ये दोन्ही ठेवल्या तर कधीतरी गल्लत होणारच. दोषी शोधणारी चौकशी परिचारिकेपाशी थांबते. कारण शोधणारी चौकशी ट्रेपाशी पोचते, आणि मग नियम होतो की ही कुपी वॉर्डात ठेवायचीच नाही, ती औषध भांडारातून पातळ करूनच यावी. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक वर्षांपूर्वी हेच सुचवले आहे. पहिल्या चौकशीने एक माणूस बदलतो, दुसरीने शंभर वॉर्ड बदलतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेताना दर दहांपैकी सुमारे एका रुग्णाला त्या उपचारातूनच काही ना काही इजा होते, आणि त्यातली निम्मी तरी टाळता येण्यासारखी असते. असुरक्षित उपचारांमुळे जगभरात दरवर्षी तीस लाखांहून जास्त माणसे मरतात. यातली बहुतेक इजा आगीसारखी बातमीत येत नाही. चुकीचा डोस, उशिरा लक्षात आलेला रक्तस्राव, निर्जंतुक न झालेली हत्यारे, रेफर करताना हरवलेला केसपेपर अशा रूपात ती रोज थोडी थोडी घडते. म्हणून सुरक्षिततेचे काम दुर्घटनेच्या रात्री सुरू होऊन चालत नाही. ते रोजच्या नोंदीत असावे लागते.

वऱ्हाडात ही नोंद कुठे तुटते ते पाहण्यासारखे आहे. धारणी तालुक्यातल्या एखाद्या कोरकू गावातली गर्भवती आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. ते जिल्हा परिषदेचे. तिथून तिला धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे. गुंतागुंत वाढली तर घाट उतरून परतवाड्यामार्गे सुमारे दीडशे किलोमीटरवर अमरावतीच्या डफरीनमध्ये, आणि तिथेही भागले नाही तर नागपूरच्या किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. ते वैद्यकीय शिक्षण विभागाचे. एका बाईच्या एका बाळंतपणात तीन प्रशासने येतात. प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर निघतो. ती वाटेत किंवा शेवटच्या टप्प्यावर दगावली, तर मृत्यू शेवटच्या रुग्णालयाच्या नावावर नोंदला जातो आणि चूक पहिल्या टप्प्यावर झाली असेल तर तिथे त्याची खबरही जात नाही. तिथला डॉक्टर पुढच्या बाईच्या वेळी तेच करतो, कारण मागच्या वेळी काय झाले हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. अकोल्यातही तेच चित्र आहे. सर्वोपचार रुग्णालय एका विभागाचे, लेडी हार्डिंग स्त्री रुग्णालय दुसऱ्याचे आणि आरोग्य केंद्रे तिसऱ्याची.

मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे मेळघाटाने महाराष्ट्राला फार महागात शिकवले आहे. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंनी देशाचे लक्ष वेधले, न्यायालयात याचिका गेल्या, योजना आल्या. पण मृत्यू खरोखर किती, यावरच वाद चालू राहिला. २००१ मध्ये डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने राज्यातल्या तेरा संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावोगाव जन्म-मृत्यू मोजून त्यांनी दाखवले की प्रत्यक्षातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. नंतर सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. त्या नोंदी कमी का होत्या याचे उत्तर आजही लागू आहे. जो तालुका जास्त मृत्यू लिहितो त्याला बैठकीत बोलणी बसतात आणि जो लिहीत नाही त्याची पाठ थोपटली जाते. मग मृत बाळ ‘उपजत मृत’ म्हणून लिहिले जाते किंवा लिहिलेच जात नाही. आकडा कमी ठेवण्याचे बक्षीस मिळत असेल, तर आकडा कमी होतो आणि मृत्यू तेवढेच राहतात. म्हणून चांगल्या नोंदीची पहिली खूण अशी की सुरुवातीला आकडा वाढतो. त्या वाढीबद्दल अधिकाऱ्याला शाबासकी देण्याचे धैर्य पालकमंत्र्यांपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांनी दाखवायला हवे.

कारण शोधण्याची शिस्त कशी लागते, याचे एक देशी उदाहरण केरळात आहे. त्याचे मूळ मात्र परदेशी आहे: इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२ पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय तपासणी होते. त्यात रुग्णाचे, डॉक्टरचे, रुग्णालयाचे नाव काढून टाकले जाते आणि काय घडले एवढेच तज्ज्ञांसमोर ठेवले जाते. केरळातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये सरकारच्या पाठिंब्याने हीच पद्धत सुरू केली. सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांतून नावे काढलेले कागद येतात, तज्ज्ञ ते वाचतात आणि निष्कर्ष पुस्तकरूपाने सर्व डॉक्टरांपर्यंत जातात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मृत्यूचे मोठे कारण असल्याचे या तपासण्यांतून ठसले, आणि तो थांबवण्याच्या ठराविक पायऱ्या आखून त्या रुग्णालयांत शिकवल्या गेल्या. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००७-०९ मध्ये केरळात एक लाख जिवंत जन्मांमागे ८१ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा १९ वर आला. महाराष्ट्राची याच काळातली घसरण १०४ वरून ३३ पर्यंत, म्हणजे कौतुकास्पदच. केरळचे श्रेय एकट्या या तपासणीला देता येणार नाही. शिक्षण, रस्ते, दवाखान्यांची दाटी हे सगळे त्यामागे आहे. पण आकडा खाली आल्यानंतरची घसरण सगळ्यात कठीण असते, कारण सोपी कारणे तोवर संपलेली असतात. उरलेली कारणे एकेक मृत्यू वाचल्याशिवाय दिसत नाहीत. शिवाय ३३ ही तेव्हाची राज्याची सरासरी होती. पुण्याच्या आणि चिखलदऱ्याच्या बाळंतिणीला ती सारखी लागू होत नाही.

इथे कुणी म्हणेल की मातामृत्यू अन्वेषण आपल्याकडे आहेच, बालमृत्यू अन्वेषणही आहे, ‘लक्ष्य’ आणि ‘कायाकल्प’ या सरकारी गुणवत्ता योजना आहेत, राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत. आणखी एक फॉर्म कशाला? आक्षेप रास्त आहे. देशात २०१० पासून मातामृत्यूंचा आढावा घेतला जातो, २०१३ पासून गुणवत्ता मानके आहेत, २०१७ मध्ये प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ आले. कागदाची कमतरता मुळीच नाही. आणि निव्वळ कागदाने काय होत नाही, याचा पुरावा अगदी जवळच्या माणसाने दिला आहे. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठीची १९ मुद्द्यांची जगप्रसिद्ध यादी तयार करण्याच्या कामाचे नेतृत्व करणारे अमेरिकेतले शल्यविशारद अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. तो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पण कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात तीच यादी सर्व रुग्णालयांना सक्तीची केली, तेव्हा मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत दीड लाखांहून अधिक बाळंतपणांवर सुरक्षित प्रसूतीच्या यादीचा मोठा प्रयोग झाला. परिचारिकांना प्रशिक्षकांनी प्रत्यक्ष सोबत केली आणि त्यांचे वागणे बऱ्यापैकी सुधारलेही. तरीही २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा माता आणि बाळांचे मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत.

या तीन निकालांत विसंगती वाटते, पण तशी ती नाही. यादी ही आठवण करून देते. रक्त, औषध, शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टर ती आणून देऊ शकत नाही. आणि ती वरून लादली की टिक मारण्याचे काम उरते. जिथे माणसांनी स्वतःच्या चुका पाहून ती आपलीशी केली तिथे तिचा उपयोग झाला. आपल्याकडच्या मृत्यू अन्वेषणाचेही असेच होते. फॉर्म भरला जातो, ‘उशिरा आणले’, ‘नातेवाइकांनी संमती दिली नाही’ असे शेरे पडतात, बैठक होते आणि फाइल बंद होते. ‘उशिरा आणले’ हे कारण नव्हे, तो पुढच्या प्रश्नाचा दरवाजा आहे. उशीर कुठे झाला? १०८ ची गाडी किती वेळाने आली? धारणीत त्या रात्री भूलतज्ज्ञ होता का? गावाने आधी भूमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, नेले असेल, तर आरोग्य केंद्राबद्दल त्यांना भरवसा का वाटला नाही? मानकांचे प्रमाणपत्रही तपासणीच्या दिवशीची सज्जता सांगते. बाकीच्या दिवशी रात्री दोन वाजता काय होते हे फक्त घटनाच सांगतात. तेव्हा नवा फॉर्म नको. असलेल्या फॉर्मचे वाचन हवे, आणि वाचलेले परत खाली पोचायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त तिखट आहे. नावे काढून टाकली, बोलणाऱ्याला अभय दिले, तर दोषी सुटणार नाहीत का? नाही, कारण इथे शिक्षा रद्द करण्याची नव्हे, ती वेगळी ठेवण्याची मागणी आहे. दारू पिऊन ड्यूटीवर येणारा, नोंदी खोट्या लिहिणारा, पैसे घेऊन रुग्ण खासगीत पळवणारा यांच्यासाठी पोलीस, शिस्तभंगाची कारवाई आणि वैद्यक परिषद आहेत आणि असल्या पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात साधी चूक आणि घोर निष्काळजीपणा यांत फरक केला. नव्या भारतीय न्याय संहितेतही वैद्यकीय उपचारादरम्यानच्या निष्काळजीपणाच्या मृत्यूला इतरांपेक्षा कमी, दोन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. कायद्याने हा फरक मान्य केला आहे. प्रशासनाने आणि आपण वाचकांनी अजून केलेला नाही. उलट आज खरा दोषी सुटण्याची शक्यताच जास्त आहे. एका कंत्राटी परिचारिकेच्या निलंबनाने लोकांचा राग शमतो आणि ज्याने सहा महिने दुरुस्तीची फाइल दाबून ठेवली त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. निम्मी पदे रिकामी असलेल्या रुग्णालयाला सुरक्षिततेचे धडे देणे ही चैन आहे, असे म्हटले जाते. रिक्त पदे भरल्याशिवाय काहीच टिकणार नाही, हे खरेच. नांदेडच्या मृत्यूंनंतर खाटांपेक्षा जास्त रुग्ण, औषधांचा तुटवडा आणि रिक्त जागा यांचीच चर्चा झाली. पण रिक्त पद हे अर्जात लिहिले तर मागणी असते. त्या पदावाचून काय झाले हे मृत्यूच्या कारणांत नोंदले तर पुरावा होतो. ‘भूलतज्ज्ञ मिळाला नाही म्हणून सिझेरियन चार तास लांबले’ असे एका वर्षात अनेकदा लिहिले गेले, तर वित्त विभागाला ते नाकारणे जड जाते. शिवाय सगळेच महाग नसते. गडचिरोलीत डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजातांची काळजी घेतली आणि तीन वर्षांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामावरून पुढे देशभरात आशांमार्फत नवजातांची घरोघरी काळजी घेण्याचा कार्यक्रम उभा राहिला. तिथेही पाया होता प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून त्याचे कारण शोधण्याचा.

चौथा आक्षेप रुग्णाच्या बाजूने येतो आणि तो सगळ्यात गंभीर आहे. डॉक्टरांनी डॉक्टरांच्या चुका बंद दाराआड वाचायच्या, मग रुग्णाच्या घरच्यांना काय मिळाले? २०२१ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या एका तान्ह्या बाळाला चढवलेल्या रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले आणि चौकशीचे आदेश निघाले. लागण झाल्यावर काही दिवस रक्त तपासणीत विषाणू सापडतच नाही, म्हणून तपासलेल्या रक्तातूनही धोका उरतो, आणि न्यूक्लिक अॅसिड चाचणी तो काळ कमी करते. बाळाच्या आई-वडिलांना हे सांगणे, माफी मागणे, आयुष्यभराच्या उपचारांची हमी देणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे आणि गोपनीयतेच्या नावाखाली ती टाळता येत नाही. गोपनीय असावी ती बोलणाऱ्याची ओळख. घडलेली गोष्ट आणि निष्कर्ष खुले असावेत. मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयांविरुद्ध रुग्णाला ग्राहक न्यायालयात सहसा जाता येत नाही. म्हणून तर गरिबाला सत्य सांगण्याचे बंधन सरकारी रुग्णालयावर जास्त हवे. आणि अशा समितीत डॉक्टरांबरोबर एखादी अनुभवी परिचारिका, आशा आणि रुग्णांच्या वतीने बोलणारा एक माणूस बसायलाच हवा.

हे अमरावती विभागात करायला नवा कायदा लागत नाही. विभागीय आयुक्त अमरावतीला बसतात, आरोग्य सेवा मंडळाचे उपसंचालक अकोल्याला. पाच जिल्ह्यांतले जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा परिषदांचे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता यांना एका टेबलाभोवती आणणे या दोन कार्यालयांना शक्य आहे. एक छोटा कायमस्वरूपी गट असावा, त्याला शिक्षेचा अधिकार नसावा, आणि त्याने तीन कामे करावीत. विभागातला प्रत्येक मातामृत्यू आणि नवजात मृत्यू, मेळघाटापासून उमरखेडपर्यंत, पहिल्या उपकेंद्रापासून शेवटच्या रुग्णालयापर्यंत एकाच कागदावर वाचावा. थोडक्यात टळलेल्या घटनाही नाव न विचारता स्वीकाराव्यात, कारण ठिणगी टाकणारा वॉर्मर आग लागण्याआधीच कळायला हवा. आणि दर तीन महिन्यांनी चार पानी मराठी पत्रक काढून प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावावे: काय घडले, का घडले, आता काय बदलायचे, आणि मागच्या पत्रकातले किती बदलले. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. शिफारशी करणाऱ्या समित्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. शिफारशीचे पुढे काय झाले ते छापणारी समिती क्वचितच सापडते.

यात वर्तमानपत्रांचा आणि लोकप्रतिनिधींचाही वाटा आहे. पुढची दुर्घटना झाल्यावर ‘किती जण निलंबित झाले’ हा प्रश्न विचारला जाईलच. त्याच्या जोडीला महिनाभराने आणखी एक विचारायला हवा: या रुग्णालयात जे सापडले त्यावरून बाकीच्या चार जिल्ह्यांत काय बदलले? या दुसऱ्या प्रश्नाला प्रशासनाकडे तारीखवार उत्तर असेल, तेव्हा वऱ्हाडातल्या आरोग्यसेवेची गुणवत्ता सुधारत आहे असे म्हणता येईल. तोपर्यंत निलंबनाचा प्रत्येक आदेश म्हणजे अपूर्ण राहिलेली चौकशी समजावी.